आजीच्या थेंबांसाठी टायमर: बॅटरी चार दिवसांत का संपते?

तुमचा प्रश्न असा आहे: आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत घालायच्या दोन औषधांमध्ये १० मिनिटांचं अंतर हवं, म्हणून ५५५ या चिपवर टायमर केला, पण ९ व्होल्टची बॅटरी चार-पाच दिवसांत बसते.

तुमच्या जोडणीत चूक नाही. साधा एनई५५५ नुसता जागा राहायलाच ९ व्होल्टवर साधारण ५ मिलिॲम्पियर खातो, आणि त्या चौकोनी बॅटरीत जेमतेम ५०० मिलिॲम्पियर-तास असतात. १०० तासांत ती संपणारच.

शिवाय १० मिनिटांसाठी तुम्हाला १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि जवळपास ५५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागले असतील. एवढा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्वतःच थोडा गळतो (साठवलेला विद्युतभार हळूहळू सोडतो), त्यामुळे वेळ रोज बदलते. माझ्या पहिल्या टायमरचा बझर तर कधी वाजलाच नाही. रेझिस्टरमधून जेवढं येत होतं तेवढं गळून जात होतं.

म्हणून सीडी४०६० ही चिप घ्या. यात ऑसिलेटर आणि मोजणारा काउंटर एकत्रच असतात. छोटा कपॅसिटर वेगाने भरतो-रिकामा होतो आणि चिप ते ठोके मोजते. ०.१ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर पिन ९ ला, २७० किलोओहम आणि त्याच्याशी सलग १०० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) पिन १० ला, १ मेगाओहम पिन ११ ला, आणि तिघांची दुसरी टोकं एकत्र. ८१९२ ठोके झाले की पिन ३ वर व्होल्टेज येतं. तिथून १० किलोओहममधून बीसी५४७ ट्रान्झिस्टर, त्यावर बझर. पिन ३ वरून ११ कडे एक १एन४१४८ डायोड लावा (पट्टी ११ कडे), म्हणजे मोजणी तिथेच थांबते. पिन १२ मात्र हवेत सोडू नका: ०.१ मायक्रोफॅरडने प्लसला आणि १०० किलोओहमने मायनसला जोडा, नाहीतर मोजणी शून्यापासून सुरू होईल याची खात्री नाही.

बॅटरीऐवजी तीन अल्कलाइन पेन्सिल सेल आणि सलग एक स्विच. थेंब घातला की चालू, बझर वाजला की बंद. इथेच खरी बचत आहे. मधल्या वेळात खर्च शून्य. सतत पेटणारा एलईडी टाळा, तो चिपपेक्षा कितीतरी जास्त खातो. पिन ७ वर ४.७ किलोओहममधून लावला तर अर्ध्या मिलिॲम्पियरवर लुकलुकतो आणि टायमर चालू आहे हे आजींना दिसतं.

वेळ जुळवायला दर वेळी १० मिनिटं थांबू नका. प्रीसेट फिरवत तोच एलईडी मोजा: मिनिटात ५१ वेळा लुकलुकला की १० मिनिटं बरोबर लागली.