'गुडघे टेकले' की 'गुडघा टेकवला'?

एका वाचक भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा: "अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन कॅपर्निक आणि त्याच्यानंतरच्या खेळाडूंच्या वंशभेदविरोधी आंदोलनावर मराठीत लेख लिहिते आहे. 'राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी गुडघे टेकले' असं लिहिलं, तर कच्चा मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, 'म्हणजे त्यांनी माघार घेतली का?' मग क्रियापद कोणतं वापरू? या प्रकाराला 'राष्ट्रगीत-निषेध' म्हटलं तर चालेल का? आणि सामना खेळायलाच नकार दिला, तर तो बहिष्कार की संप?"

मैत्रिणीने वाक्य बरोबर वाचलं, दोष वाक्यातच आहे. मराठीत 'गुडघे टेकणे' हा शरणागतीचा वाक्प्रचार म्हणून इतका रुळला आहे की त्यातले खरे गुडघे आता कुणाला दिसतच नाहीत. सरकारने गुडघे टेकले, कंपनीने ग्राहकांपुढे गुडघे टेकले, अशा वाक्यांत कुणी वाकलेलं नसतं, हरलेलं असतं. त्यामुळे 'खेळाडूंनी गुडघे टेकले' हे वाक्य घडलेल्या गोष्टीच्या थेट उलट अर्थ सांगतं.

अमेरिकन इंग्रजीत ही अडचण आली नाही, कारण अमेरिकन फुटबॉलमध्ये एका गुडघ्यावर बसणं ('टेक अ नी') आधीपासून होतं. आघाडी टिकवून वेळ काढायचा असेल तेव्हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, चेंडू घेऊन एक गुडघा जमिनीला लावतो आणि चाल तिथेच संपते. मैदानावर कुणी जखमी झाला की दोन्ही संघांचे खेळाडू एका गुडघ्यावर बसून थांबतात. म्हणजे शब्द खेळातलाच होता, कॅपर्निकने त्याला नवा अर्थ दिला.

हा अर्थ त्याने कसा दिला ते पाहिलं की मराठी क्रियापद निवडणं सोपं जातं. ऑगस्ट २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाचा हा क्वार्टरबॅक सराव सामन्यांच्या आधी राष्ट्रगीत चालू असताना बाकावर बसून राहत होता. २६ ऑगस्टच्या सामन्यानंतर ते लोकांच्या लक्षात आलं आणि गदारोळ झाला. पूर्वी सैन्याच्या विशेष दलात असलेला आणि नंतर फुटबॉल खेळलेला नेट बॉयर त्याला भेटला. बसून राहण्यापेक्षा एका गुडघ्यावर बस, शहीद झालेल्या साथीदाराच्या थडग्यापुढे सैनिक असेच बसतात, असं त्याने सुचवलं. १ सप्टेंबरला सॅन डिएगोमध्ये कॅपर्निक आणि त्याचा सहकारी एरिक रीड एका गुडघ्यावर बसले. त्यांच्या शेजारी बॉयर छातीवर हात ठेवून उभा होता. पुढे रीडने लिहिलं की आमची ती मुद्रा अर्ध्यावर उतरवलेल्या ध्वजासारखी होती, शोकाची.

हे दृश्य मराठीत आणायचं तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे एकवचन: 'गुडघे' नको, 'एक गुडघा' हवा. शरण जाणारा दोन्ही गुडघे टेकतो, निदान वाक्प्रचारात तरी. दुसरी गोष्ट, 'टेकणे'ऐवजी प्रयोजक 'टेकवणे'. टेकण्यात अंगातलं बळ सरल्याची छटा माझ्या कानाला जाणवते, टेकवण्यात करणाऱ्याचा हेतू दिसतो. तिसरी, स्थळ किंवा वेळ सांगा, 'पुढे' हे अव्यय टाळा. 'ध्वजापुढे गुडघा टेकवला' म्हटलं की पुन्हा शरणागती किंवा पूजा डोकावते. 'राष्ट्रगीत चालू असताना खेळाडू एक गुडघा जमिनीला टेकवून बसले' हे वाक्य लांब आहे, पण खरं आहे. मथळ्यात जागा नसेल तर 'एका गुडघ्यावर बसून निषेध' पुरेल.

आता 'राष्ट्रगीत-निषेध'. हा शब्द वापरू नका असं मी आग्रहाने सांगेन, आणि कारण व्याकरणाचं आहे तितकंच न्यायाचंही आहे.

मराठीत निषेध कशाचा तरी असतो. 'हल्ल्याचा निषेध', 'दरवाढीचा निषेध': षष्ठी लागली की जिला ती लागली ती गोष्ट धिक्काराची. सामासिक शब्द केला की विभक्तीचा प्रत्यय लोपतो आणि वाचक सवयीने षष्ठीच गृहीत धरतो. 'राष्ट्रगीत-निषेध' म्हणजे 'राष्ट्रगीताचा निषेध' असंच तो वाचणार. सप्तमीने, 'राष्ट्रगीताच्या वेळी निषेध' असा विग्रह करायला तो थांबणार नाही. आणि या प्रकरणात सगळं भांडण याच एका प्रत्ययाचं होतं!

खेळाडूंच्या म्हणण्याप्रमाणे निषेध होता पोलिसांच्या हातून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या मृत्यूंचा आणि वंशभेदाचा. राष्ट्रगीत ही फक्त वेळ होती. २२ सप्टेंबर २०१७ रोजी अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या सभेत राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अशा खेळाडूंना शिवी देत संघमालकांनी त्यांना हाकलून द्यावं असं म्हटलं, आणि दोनच दिवसांनी, रविवारच्या सामन्यांत, दोनशेहून अधिक खेळाडू बसून राहिले किंवा एका गुडघ्यावर बसले. त्यावर ट्रम्प यांचं उत्तर होतं की याचा वंशाशी काहीही संबंध नाही, प्रश्न देश, ध्वज आणि राष्ट्रगीताच्या आदराचा आहे. म्हणजे एक बाजू सप्तमी बोलत होती, दुसरी षष्ठी ऐकत होती. आपण 'राष्ट्रगीत-निषेध' लिहिलं की नकळत दुसऱ्या बाजूचा निकाल आपल्या वाक्यात उतरतो. 'राष्ट्रगीताचा अपमान' हाही तसाच निकाल आहे. ते कुणाचं मत म्हणून द्यायला हरकत नाही, पण मग ते कुणाचं मत हे त्याच वाक्यात यायला हवं.

एक आक्षेप मला मान्य आहे. कॅपर्निकचं अगदी पहिलं विधान असं होतं की काळ्या आणि इतर वर्णांच्या लोकांना दडपणाऱ्या देशाच्या ध्वजाचा अभिमान दाखवण्यासाठी मी उभा राहणार नाही. यात ध्वजाचा थेट उल्लेख आहे, तेव्हा दुखावलेल्यांनी, विशेषतः सैनिकांच्या कुटुंबीयांनी, सगळं मनाने रचलं असं म्हणता येत नाही. पण अभिमान न दाखवणं आणि निषेध करणं या दोन क्रिया वेगळ्या आहेत. मराठीत हा फरक नेमका धरता येतो: 'उभं राहायला नकार दिला' लिहा, 'धिक्कार केला' लिहू नका. आणि बाकावरून गुडघ्यावर येण्याचा बदल त्याने या दुखावलेल्यांसाठीच केला होता. हा बदल लेखात आला पाहिजे. तो न आल्यामुळेच पुष्कळ मराठी मजकूर एकांगी झाला आहे.

असाच घोटाळा १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या वर्णनात होतो, म्हणून तुमच्या लेखात तो प्रसंग येणार असेल तर आधीच सांगतो. १६ ऑक्टोबरला २०० मीटर शर्यतीच्या पदकमंचावर टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी 'उगारल्या' असं अनेकदा वाचायला मिळतं. उगारणं हे मारण्यासाठी असतं. हात उगारतात, काठी उगारतात, आणि पुढची क्रिया फटका हीच असते. स्मिथने उजवी आणि कार्लोसने डावी मूठ उंचावली होती, दोघांच्या पायांत बूट नव्हते, फक्त काळे मोजे होते. हे 'उंचावणे' आहे. तसंच 'माना खाली घातल्या' लिहू नका, मान खाली घालणं मराठीत लाजेचं असतं. 'मस्तक झुकवून उभे राहिले' म्हणा.

खरं तर या साऱ्याचं मूळ एकच आहे. शरीराच्या हालचालींवरचे आपले वाक्प्रचार आधीच निकाल देऊन बसलेले आहेत: गुडघे हरतात, मूठ मारते, मान लाजते. निषेध करणारा खेळाडू नेमकं शरीर वापरतो, कारण त्या क्षणी बोलायची सोय नसते. त्याच्या शरीराने जे केलं ते साध्या शब्दांत लिहिलं तरच त्याचं म्हणणं वाचकापर्यंत पोचतं. त्या मंचावरचा तिसरा माणूस, रौप्यपदक जिंकलेला गोरा ऑस्ट्रेलियन पीटर नॉर्मन, याने तर फक्त छातीवर मानवी हक्कांच्या चळवळीचा बिल्ला लावला होता. वर्णनं वाक्प्रचारांच्या भरात लिहिली की त्याचा बिल्ला हमखास सुटतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. २००६ मध्ये तो गेला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला.

एका बाबतीत मात्र मराठी सज्ज आहे. १० फेब्रुवारी २००३ रोजी हरारेत विश्वचषकाच्या सामन्यात झिम्बाब्वेचे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा आपल्या देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा शोक म्हणून दंडाला काळ्या फिती लावून उतरले. 'काळ्या फिती लावून' हे आपल्याकडे कर्मचाऱ्यांच्या आंदोलनांमुळे पूर्ण रुळलेलं आहे. तिथे काही जुळवाजुळव करायची गरज नाही.

बहिष्कार की संप, याचं उत्तर छोटं आहे. २३ ऑगस्ट २०२० रोजी विस्कॉन्सिनमधल्या केनोशा इथे पोलिसाने जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर गोळ्या झाडल्या. त्याच राज्याचा बास्केटबॉल संघ, मिलवॉकी बक्स, २६ तारखेला ओरलँडो मॅजिकविरुद्धच्या सामन्याला मैदानात उतरलाच नाही. त्या दिवशीचे बाकीचे सामनेही झाले नाहीत. बातम्यांत सर्रास 'बहिष्कार' आलं. ते चूक म्हणता येणार नाही, 'परीक्षेच्या कामावर बहिष्कार' आपण म्हणतोच. पण पगारी करारावर काम करणारी माणसं एकजुटीने काम थांबवतात त्याला संप म्हणतात, आणि या खेळाडूंच्या सामूहिक करारात संपाला मनाई होती. त्यांनी पत्करलेली जोखीम 'संप' या शब्दातच दिसते. बहिष्कार हा शब्द प्रेक्षकांसाठी राखून ठेवा: सामने बघणं सोडणारे, किंवा सप्टेंबर २०१८ मध्ये कॅपर्निकची जाहिरात आल्यावर नायकेचे बूट जाळणारे. 'बहिष्कृत' हे विशेषण मराठीत त्याहून जुनं आणि जड आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाच्या नावातच ते घेतलं. मार्च २०१७ नंतर एकाही संघाने कॅपर्निकला घेतलं नाही. मालकांनी संगनमत केल्याची तक्रार त्याने केली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती तडजोडीने मिटली. म्हणून त्याच्याविषयी 'बहिष्कृत' वापरायचं तर 'त्याच्या आरोपानुसार' हे शब्द जोडून वापरा.

प्रेक्षकांच्या नापसंतीसाठी 'हुर्यो उडवणे' हा अस्सल शब्द आहे, तो सोडून 'विरोधी घोषणाबाजी' कशाला? जून २०२१ मध्ये मिडल्सबरोच्या मैदानावर इंग्लंडचे फुटबॉलपटू एका गुडघ्यावर बसले तेव्हा त्यांच्याच काही पाठीराख्यांनी त्यांची हुर्यो उडवली. त्यात घोषणा नव्हत्या, नुसता आवाज होता.

शेवटी एक प्रकार राहतो, वरून आदेश आल्यावर गुडघ्यावर बसण्याचा. ऑक्टोबर २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने सगळ्या खेळाडूंना एका गुडघ्यावर बसायला सांगितलं. क्विंटन डी कॉकने वेस्ट इंडिजविरुद्धच्या सामन्यातून माघार घेतली, मग खुलासा आणि माफी देऊन पुढच्या सामन्यात तो बसला. त्याच स्पर्धेत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी भारतीय संघही असाच बसला होता. अशा ठिकाणी 'निषेध केला' हे क्रियापद मला जास्त वाटतं, कारण निषेधात स्वतःहून घेतलेली जोखीम गृहीत असते. 'एका गुडघ्यावर बसून पाठिंबा दर्शवला' लिहा, आणि आदेश होता तर तो कुणाचा होता हेही त्याच वाक्यात लिहा.