थंडी पंधरा दिवसांची, तयारी दोन महिन्यांची

नमनाला घडाभर तेल नको. दिवाळीनंतर आलेल्या पत्रांतली सहा या वेळी घेतली आहेत. बाकीच्यांनी रागावू नये. नौपाड्यातली आमची इमारत पाडून नवी उभी राहते आहे, आणि तोवर भाड्याच्या दोन खोल्यांत माझी लोकर, पुस्तकं आणि तुमची पत्रं एकाच खोक्यात नांदतात. काहींचं उत्तर उशिरा येतं ते त्यामुळे.

नातवासाठी टोपरं विणलं. व्हिडिओतली बाई ‘चार नंबरची सुई’ म्हणाली, म्हणून दुकानातून ४ नंबरच्या सुया आणल्या. टाके अगदी मोजून घातले, पण झालेल्या टोपऱ्यात सोललेला नारळ आरामात बसतो. बाळ तीन महिन्यांचं आहे. माझं काय चुकलं?
— नव्यानेच आजी झालेली, वाशी

तुमचं काही चुकलं नाही, घोटाळा नंबराचा आहे. व्हिडिओतली बाई मिलिमीटर बोलत होती. आपल्याकडे लेस-बटणांच्या दुकानात अजून जुन्या इंग्रजी नंबराच्या सुया मिळतात आणि त्यांचं गणित उलटं आहे. आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. तिची ४ मिलिमीटरची सुई म्हणजे आपली ८ नंबरची. तुम्ही आणलीत ४ नंबरची, ती निघाली चक्क ६ मिलिमीटरची. मग नारळ बसणारच. पुढच्या वेळी दुकानदाराला नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. तो गोंधळला तर ८ म्हणजे ४, ९ म्हणजे पावणेचार, १० म्हणजे सव्वातीन एवढं पाकिटात लिहून ठेवा.

आणि आधी नमुन्याचा तुकडा विणायचा. वीस टाके, वीस ओळी, एक सुलट एक उलट. मग पट्टी लावून मोजायचं. मी तीस वर्षं मुलींना शिवण-विणकाम शिकवलं आणि तीसही वर्षं प्रत्येक वर्गाने या तुकड्याचा कंटाळा केला. मीही घरी करतेच. मग उसवत बसते.

आता तुम्ही न विचारलेलं. लोकर म्हणून आपण जी आणतो ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते, घाम शोषत नाही. वाशीच्या डिसेंबरात दुपारी अकरानंतर त्या टोपऱ्याखाली बाळाच्या डोक्यावर घामोळं यायचं. सुती धागा घ्या आणि बंद लावू नका, कडेला दोन बोटं रिबिंग पुरतं. झोपताना टोपरं घालायचं नाही असं हल्ली डॉक्टर सांगतात. सूनबाई तसं म्हणाल्या असतील तर ‘आमच्या वेळी’ सुरू करू नका, त्यांचंच बरोबर आहे. नारळाचं टोपरं चहाच्या किटलीला घाला.

आई मे महिन्यात गेली. तिच्या अकरा साड्या वाट्याला आल्या, त्यांची गोधडी करावी असं मनात आहे. शिवणयंत्र नाही, घर लहान आहे, आणि मी आजवर फक्त बटणं लावली आहेत.
— कळव्याहून एक वाचक

बटण लावता येतं ना, मग झालं. गोधडीला एकच टाका लागतो, धावदोरा. यंत्र नाही हे तर बरंच. यंत्राची शिवण ताठ येते, हाताची गोधडी अंगाला लपेटते.

आधी अकराच्या अकरा साड्या कापू नका. त्यातल्या निव्वळ सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या बाजूला काढा. सहावारीचे तीन सारखे तुकडे केले की प्रत्येक दोन वार, म्हणजे सहा फूट लांब आणि साधारण पंचेचाळीस इंच रुंद. एका माणसाच्या पांघरुणाला हे माप नेमकं आहे. दोन साड्यांत सहा थर मिळतात. नाशिककरांना सहाही लागतील. आपल्याला चार पुरे, नाहीतर मध्यरात्री पायाने ढकलून द्याल. उरलेल्या नऊ साड्या नेसा, नाहीतर तशाच राहू द्या. त्यांचं काय करायचं ते यंदाच ठरवलं पाहिजे असं नाही.

रेशमी, नायलॉन, जॉर्जेट यांतलं काहीही सुतीत मिसळू नका. मी हे भोगलंय. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या गोधडीत हौसेने मधला एक थर नायलॉनच्या साडीचा घातला होता. पहिल्याच धुण्यात सुती थर आटले, नायलॉन जिथल्या तिथे राहिलं आणि गोधडीचा तळलेला पापड झाला. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. ती मोलकरणीलाही दिली नाही, माळ्यावर टाकून दिली. दर दिवाळीच्या साफसफाईत तिची माझी भेट व्हायची.

तर साड्या आधी धुऊन घ्या. ओला पांढरा रुमाल गडद रंगावर घासून बघा. रंग लागला तर ती साडी आतल्या थरात नको आणि वरही नको. फॉल उसवा, जरीचे काठ काढा. मग फरशीवर थरावर थर अंथरा, प्रत्येक थर हाताने मधून कडेकडे सपाट करत. चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. माझ्याकडे दोन कोपऱ्यांवर वरवंटा आणि खलबत्ता असतो, उरलेल्या दोहोंवर शब्दकोशाचे खंड. आता पांढऱ्या दोऱ्याने वीतभर लांबीचे कच्चे टाके घाला, मधून बाहेर. हे काम एका बैठकीत संपवा, कारण ते झाल्यावरच गोधडी गुंडाळून दिवाणाखाली सरकवता येते. लहान घराची अडचण एवढ्या एका दुपारचीच.

पक्का धावदोरा कडेने सुरू करायचा आणि फेरी घालत घालत मध्यावर यायचं. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर, टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. सुती जाड दोरा घ्या, हातभरापेक्षा लांब ओवू नका, गुंता होतो. मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच. पहिले काही दिवस टाके वेडेवाकडे येतील, ते तसेच ठेवा. रोज अर्धा तास बसलात तर जानेवारीच्या थंडीपर्यंत अंगावर येईल.

एक करून बघा. वरचा थर ठरवण्याआधी प्रत्येक पदराचा कोपरा तपासा. आमच्या आईच्या साड्यांना तिथे कायमची चुणी होती, सुट्टे पैसे गाठीत बांधायची तिला सवय. कितीही इस्त्री केली तरी ती चुणी जात नाही. मी तो कोपरा डोक्याकडच्या बाजूला वर घेतला.

मी क्रोशा शिकलोय. ठाणे-पनवेल लोकलमध्ये बसायला मिळालं की विणतो. लोक बघतात, एकाने विचारलंही की बायकोने शिक्षा दिली का. शिवाय वाचनही सुटलंय, हात दोनच. वय ३१, लग्न झालेलं नाही.
— घणसोली

शिक्षा देणारी अजून यायची आहे, तोवर विणून घ्या. आपल्याकडे कपडे शिवणारा शिंपी पुरुष, शाल रफू करणारा रफूगार पुरुष, आणि नामदेव महाराजांचं घराणं शिंप्याचंच. हे त्या गृहस्थांना सांगा किंवा सांगू नका; क्रोशाचे खांब, म्हणजे उंच टाके, मोजत राहिलात तर आपोआप गप्प बसतील.

डब्यात चौकोन विणा. साखळी, मुका खांब, खांब एवढ्यावर होणारे, तळहाताएवढे. खिशात मावतात आणि ऐरोलीला शेजारच्याचा धक्का लागून टाका सुटला तर अख्खा स्वेटर उसवत नाही. वाचनाचं म्हणाल तर हातात काम असताना कान मोकळे असतात. मराठी पुस्तकं ऐकायची सोय आता फोनवर आहे. पण गुंतागुंतीची वीण आणि गुंतागुंतीची कादंबरी एकत्र नको. दोन्हीपैकी एक सोपं हवं. आमच्याकडे थंडीत जेवणानंतर हे वाचतात, मी विणते. ते मध्येच स्वतःशी हसतात आणि पुढचं वाक्य सांगायचं विसरतात, एवढीच तक्रार.

दरवर्षी सात-आठ दिवाळी अंक घेते आणि गुढीपाडव्याला ते तसेच असतात. अपराधी वाटतं. कुठून सुरुवात करू?
— पाचपाखाडी, ठाणे

राशिभविष्यापासून. अंकातला तो एकच मजकूर नासतो, बाकी सगळं टिकाऊ आहे. मग व्यंगचित्रं. मग अनुक्रमणिका उघडून पेन्सिलीने फक्त चार खुणा करा, पाचवी नाही. रोज रात्री एक कथा किंवा एक लेख. जो दोन पानांत पकड घेत नाही तो सोडा, लेखक कितीही मोठा असो.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही प्रथा रुजली. तेव्हापासूनचं सोडा, माझ्या ओळखीत अंक संपवणारा माणूस एकच, माझे सासरे, आणि ते जाहिरातीसुद्धा वाचायचे. आठ अंक विकत घेण्याऐवजी दोन घ्या आणि बाकीच्यांसाठी वाचनालयाची दिवाळी अंक योजना लावा. ठाण्यात तर १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. अंक परत करायचा असला की वाचून होतो. घरचा अंक कुठे जाणार आहे, या भरवशावरच तर तो पडून राहतो.

घरी केलेला आकाशकंदील पुढच्या वर्षी वापरता येईल का?
— नेरूळ

त्रिपुरी पौर्णिमेला उतरवा. कामट्यांचा सांगाडा ठेवा, पतंगी कागद टाकून द्या. खळ लावलेल्या कागदाला आपल्या खाडीकाठच्या पावसाळ्यात बुरशी येते, आणि कसर तिथून शेजारच्या पुस्तकांत जाते. खळीत मोरचूद घातलं असेल तर फाडताना लहान मुलांचे हात दूर ठेवा, ते विषारी असतं.

नातीचं बोरन्हाण आहे. हलव्याचे दागिने करायचेत, हलवाही घरीच. मागच्या वर्षी काटाच आला नाही, गुळगुळीत गोळ्या झाल्या.
— चरई, ठाणे

पाक कसा केलात ते लिहिलं नाहीत, पण वेळ मला ओळखू येतेय. संध्याकाळी केलात ना, स्वयंपाक आटोपल्यावर? भिंतींना कुकरची वाफ, हवा दमट, काटा येणार कुठून. हलव्याला कोरडी, गार हवा लागते आणि ठाण्यात ती पहाटे पाच ते आठच्या मध्ये मिळते, तीही पारा पंधरा-सोळावर उतरतो त्या मोजक्या दिवसांत.

परात अगदी मंद आचेवर ठेवा. खसखस किंवा तीळ जरा कोमट करा, त्यावर चमचाभरच एकतारी पाक सोडा आणि बोटांनी सतत फिरवा. दाणा पूर्ण सुकून सुटा झाल्याशिवाय दुसरा चमचा नाही. तुम्ही तिथेच घाई केली असणार. साखर उकळताना चमचाभर दूध घालून मळी काढून घ्या, हलवा पांढराशुभ्र येतो. पहिल्या दिवशी दाणा नुसता फुगल्यासारखा दिसेल, काटा तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकावतो. बोटांना सुती कापडाच्या चिंध्या गुंडाळा, चटके बसतात.

बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं, तेव्हा संक्रांतीच्या आदल्या रात्री जागायची गरज नाही. मुकुट आधी पुठ्ठ्याचा बेतून नातीच्या डोक्याला लावून बघा. आणि हलवा थोडा जास्तच करा. ओवायला बसलेल्यांपैकी निम्मे लोक तो खातात.