मुलीला वायर ड्रॉइंग खात्यात पाठवू का?

तुमचं पत्र वाचलं. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, चाकणजवळच्या एका केबल कारखान्यात ट्रेनी म्हणून निवड झाली आहे आणि खातं मिळालंय वायर ड्रॉइंग. घरच्यांना वाटतं, तारा ओढण्यात कसलं आलंय करिअर; त्यापेक्षा कर्ज काढून पुण्यात कोडिंगचा कोर्स करू दे. शिवाय रात्रपाळीची तुम्हाला काळजी वाटते.

माझं मत स्पष्ट आहे. नोकरी घेऊ द्या, कर्ज काढू नका.

त्या खात्यात काय चालतं ते आधी बघा. केबलमधली तांब्याची तार साधारणपणे 8 मिलिमीटर जाडीच्या रॉडपासून बनते. रॉड एकापाठोपाठ बारा-चौदा डायमधून, म्हणजे क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांच्या कठीण साच्यांमधून, ओढला जातो आणि दर डायला त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ पाचव्या हिश्शाच्या आसपास कमी होतं. व्यास 1.6 मिलिमीटरवर आला की तार 25 पट लांबलेली असते. म्हणजे रॉड सेकंदाला एक मीटर आत जात असेल, तर पलीकडून तार सेकंदाला 25 मीटर बाहेर पडते. त्यामुळे तार ओढणारा प्रत्येक कॅपस्टन, म्हणजे फिरता ड्रम, मधल्या डायमध्ये तार जितकी लांबली नेमका तेवढाच आधीच्यापेक्षा जोरात फिरावा लागतो. हिशेब बिघडला की तार तुटते, मशीन थांबतं आणि सगळ्या डायमधून ती पुन्हा ओवावी लागते.

जुन्या मशीनमध्ये एकच मोटर आणि ठरलेले गिअर. डाय थोडी झिजली तरी गिअरचं गुणोत्तर तेच, मग फरक भरून काढायला तार कॅपस्टनवर घसरत राहायची. त्यात कॅपस्टन झिजायचा, तारेवर ओरखडे यायचे, वीज वाया जायची. नव्या मशीनमध्ये कॅपस्टनला स्वतंत्र मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह देता येतो. वेग पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, जुळवून घेतो, घसरण खूपच कमी होते. पुढे अनीलिंग. ओढून ओढून तांबं कडक होतं, म्हणून धावत्या तारेतूनच वीज सोडून ती तापवतात आणि मऊ करतात. तांबं काळं पडू नये म्हणून भोवती वाफ ठेवतात. मशीनचा वेग बदलला की वीजही त्याच प्रमाणात बदलायला हवी. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कंट्रोल आणि धातुशास्त्र एवढं सगळं एकाच मशीनवर शिकायला मिळणं, ही साधी गोष्ट नाही.

आणि हे क्षेत्र थांबलेलंही नाही. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गला पंधराव्या शतकात पाण्याच्या जोरावर तार ओढत. तिथली अशी गिरणी चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने जलरंगात रंगवली आहे. 1923 मध्ये बर्लिनच्या ओसरम या दिवे बनवणाऱ्या कंपनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडचा कठीण धातू घडवला, कारण दिव्याच्या फिलामेंटची तार ओढायला हिऱ्याच्या डाय फार महाग पडत. आज न्यूरेम्बर्गला लागूनच असलेल्या श्वाबाखची नीहॉफ कंपनी एकाच वेळी अनेक तारा ओढणारी मशीन बनवते.

आता सावधगिरीचं. ट्रेनी म्हणून घेऊन वर्षभर नुसते स्पूल, म्हणजे तारेची रिळं, बदलायला लावतात, असं होतं. रुजू होण्याआधीच मुलीने एचआरला विचारावं: डाय शॉप, मेंटेनन्स आणि ड्राइव्ह-पॅनल या तिन्ही ठिकाणी आळीपाळीने काम मिळेल का? उत्तर गुळमुळीत असेल, तर मला पुन्हा लिहा, आपण दुसरा पर्याय बघू.

कोडिंगची आवड असेल तर ती इथेही जपता येते. पीएलसीचं लॅडर लॉजिक, म्हणजे त्याचा प्रोग्राम लिहायची पद्धत, आणि व्हीएफडीची, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची, पॅरामीटर सेटिंग शिकायला तिने पहिल्याच वर्षी सुरुवात करावी. डिग्रीचा रस्ताही बंद होत नाही: डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश असतोच, शिवाय एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या मान्यतेने काही कॉलेजांत नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे वर्गही चालतात. गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये वायर इंडिया हे प्रदर्शन भरतं, तिथे तिला जरूर घेऊन जा. मशीन बनवणारे आणि वापरणारे एकाच छताखाली भेटतात.

रात्रपाळीची तुमची काळजी रास्त आहे. मुलींना रात्रपाळी असते का, असल्यास कंपनीची बस घरापर्यंत सोडते का, खात्यात आणखी किती मुली आहेत, हे तिच्यासोबत जाऊन विचारा आणि जे ठरेल ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.