टक्का पाहिलास, विसर्ग पाहिलास का?

पोरी,

तुझा तक्ता रात्री दोनदा पाहिला. यूपीएफ३बी हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या नाकातल्या ऊतीत काही गंधग्राहकांचा (वास टिपणाऱ्या प्रथिनांचा) आरएनए, म्हणजे जनुकावरून लिहिलेली नक्कल, वाढलाय, आणि शेजारी तू लिहिलंयस, 'जनुकं जास्त चालू झाली?' ते प्रश्नचिन्ह खोडू नकोस. गाईड कितीही घाई करू देत.

तू पैठणची. पावसाळ्यात जायकवाडी धरणाची बातमी आली की टक्क्यापाठोपाठ आवक किती नि विसर्ग किती, हे तुमच्या घरात लहान लेकरूही विचारतं. पेशीत नवा आरएनए लिहिला जाणं ही आवक, जुना मोडणं हा विसर्ग. मग नुसता टक्का पाहून वर पाऊस झाला असं कसं ठरवतेस? आवक तेवढीच राहिली आणि दरवाजे मिटले, तरी पाणी चढतंच की! यूपीएफ३बी तर दरवाज्यावरचाच माणूस. मध्येच थांबा-संकेत आलेला आरएनए मोडीत काढणाऱ्या यंत्रणेतला. त्यालाच काढल्यावर आधी विसर्ग पाहायचा की नाही?

नाकात आणखी एक फसगत. उंदरात गंधग्राहकांची हजाराच्या वर जनुकं, पण एक पेशी त्यातलं बहुधा एकच वापरते. शिवाय या पेशी जन्मभर मरतात, नव्या येतात. सगळी ऊत एकत्र कुटल्यावर वाढलेला आकडा जास्त लिहिण्याचा, कमी मोडण्याचा, की तो ग्राहक निवडणाऱ्या पेशीच वाढल्याचा? आकडा तिन्हींना तोच दिसतो.

मी हीच चूक छापून बसलोय. जेलवर आरएनएचा पट्टा गडद दिसला, 'जनुक सक्रिय' लिहिलं, परीक्षकांनीही विचारलं नाही. नंतर ॲक्टिनोमायसिन डी घालून नवं लेखन थांबवलं आणि तासातासाला किती आरएनए उरतो ते पाहायला घेतलं. तेव्हा आमच्याकडे भारनियमन. डीप फ्रीझर बंद पडला, नमुने वितळले. हे खरंच घडलं, सबब नाही. पण लाइट आली तरी पुन्हा मांडलं नाही, तेही मीच. (तीन वर्षं अनुदान अडकलं होतं, ते तुला काय सांगू.)

तेव्हा विसर्ग मोज. ॲक्टिनोमायसिन पेशींना विषच, फार वेळ ठेवू नकोस. जमलं तर फोर-थायोयुरिडीनने नव्या आरएनएवर खूण करून घे. पेशींचा हिशेब एकेका पेशीच्या आरएनएवरून वेगळा लाव.

रविवारी ये, वेळा ठरवू. आणि नळ्यांवर न पुसणारी शाई वापर. माझ्या नळ्यांवर लिहिलेले तास बर्फाच्या पाण्यात पुसले गेले होते.