छोट्या मत्स्यटाकीतील पाणी पूर्ण बदलूनही पुन्हा पांढुरके का होते?

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नसताना ४० लिटरच्या टाकीतील सगळे पाणी दर आठवड्याला बदलूनही ते दोन दिवसांत पांढुरके का होते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मूळ अडचण पूर्ण पाणी बदलण्यातच आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग तुलनेने कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर वाढतात. टाकी उपसून, खडे आणि स्पंज नळाखाली घासून धुतले की त्यातले बरेचसे जिवाणू नाहीसे होतात, घडी विस्कटलेल्या टाकीत पाण्यात तरंगणारे दुसरे जिवाणू झपाट्याने वाढून पाणी पांढुरके दिसते, अमोनिया साचतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. म्हणून आठवड्याला चौथा हिस्साच पाणी बदलावे आणि स्पंज टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात हलकेच पिळावा. तपकिरी गाळ निघाला की पुरे.

नळाला पाणी येईल त्या दिवशी एक बादली भरून उघडी ठेवावी. नळाच्या पाण्यातील साधा क्लोरीन २४ तासांत बराचसा उडून जातो. घाई असल्यास क्लोरीन घालवणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे थेंब बाटलीवरील प्रमाणात वापरावेत. बोअरचे जड पाणी एकदम ओतू नये. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला की तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप रात्रीही बंद करू नये. खाद्य मात्र दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे.