आठ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात मेलाय, मूळ अर्धवट वाढलेलं आहे. दात काढावाच लागेल का?

काढायची घाई करू नका. मी लहान मुलांच्या दातांचं काम करते. तुमच्यासारखीच गोष्ट सांगणारे आईबाबा नेहमी समोर येतात: सायकलवरून पडला, चार दिवस दुखलं, थांबलं, आणि वर्षभराने हिरडीवर पुटकुळी.

या वयात पुढचा दात बाहेरून पूर्ण दिसतो, पण मूळ पुरं व्हायला तो उगवल्यापासून साधारण ३ वर्षं लागतात. आतला गर मेला की वाढ तिथेच थांबते. एक्स-रेत मूळ तुतारीच्या तोंडासारखं उघडं दिसतं, भिंती पातळ. नेहमीचं रूट कॅनल इथे चालत नाही, कारण भरलेलं मटेरियल अडवायला खाली टोकच नाही.

पूर्वी कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून, ते बदलत, वर्ष-दीड वर्ष थांबायचे. तळाला कठीण पडदा धरायचा, पण पुढे असे कित्येक दात हिरडीपाशी मोडायचे. १९९० च्या दशकात एमटीए नावाचं दातांचं सिमेंट आलं. (बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटचा हा सख्खा भाऊ, पण पालकांना हे मी पैसे सांगून झाल्यावर सांगते.) त्याचं ४-५ मिलिमीटरचं बूच टोकाशी बसवलं की एक-दोन भेटींत काम होतं. मूळ मात्र आखूड आणि पातळच राहतं.

म्हणून तुमच्या मुलाच्या वयाला मी आधी तिसरी वाट धरते. नळी धुऊन औषध ठेवायचं आणि काही आठवड्यांनी बारीक फाइलने टोकापलीकडे टोचून मुद्दाम रक्त आत आणायचं. त्या दिवशी भूलही ॲड्रेनलिन नसलेली, नाहीतर रक्तवाहिन्या आकसतात. एरवी रक्त थांबवायला धडपडणारी मी तेव्हा ती लाल रेघ वर चढायची वाट बघत बसते. गुठळी धरली की वर सिमेंट आणि फिलिंग. जमलं तर भिंती जाड होतात, मूळही थोडं लांबतं. दर वेळी जमत नाही. तेव्हा बूच आहेच.

आतल्या औषधात मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक आहे का, हे आधीच विचारा, त्याने दात काळपट पडतो. मुलगा अकराचा असता, मूळ जवळपास पुरं असतं, तर मी थेट बूचच बसवलं असतं. काहीही केलंत तरी सहा महिन्यांनी एक्स-रेला या. दुखत नाही म्हणून न येणारेच जास्त, आणि मेलेला दात बऱ्याचदा दुखत नाहीच.