पुण्यात वाहन तंत्रज्ञान आणि वाहतूक व्यवस्थापन दोन्ही शिकायचं, तर शाखा कोणती घ्यावी?

बारावीनंतर गाडीचं तंत्र आणि वाहतुकीचं नियोजन दोन्ही शिकवणारी एकच पदवी पुण्यात मिळेल का, की दोन्हींतलं एक सोडावं लागेल, असं तुम्ही विचारलं आहे. माझं स्पष्ट मत असं: पदवीला मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल घ्या आणि वाहतूक व्यवस्थापन त्याच चार वर्षांत, आकडेमोडीसकट, जोडीने शिका. आधी व्यवस्थापनाची पदवी आणि मग सावकाश गाडी समजून घेऊ, हा क्रम मला पटत नाही. ड्युटीचं वेळापत्रक लावणं पदवीनंतरही शिकता येतं. उष्णतेचं गणित आणि मशीन डिझाइन मात्र कॉलेज सुटल्यावर स्वतःहून शिकणारे फार थोडे.

आपल्याकडे गाडी मेकॅनिकलच्या इमारतीत शिकवतात आणि रस्ता, सिग्नल, ट्रॅफिक सिव्हिलच्या. बुडापेस्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठात या दोन्हींची मिळून एकच विद्याशाखा आहे. भारतात त्याच्या जवळ जाणारं ठिकाण म्हणजे वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय. २०२२ मध्ये ते केंद्रीय विद्यापीठ झालं, मात्र त्याची मुळं रेल्वेत आहेत. पुण्यात राहायचं असेल तर सांधा तुम्हालाच जुळवावा लागेल. तो जुळवणं का गरजेचं आहे, ते उदाहरणांनीच कळेल.

नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार घ्या. डिझेल वाचतं या समजुतीने काही चालक इथे गाडी न्यूट्रल करतात. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकचं कमाल वजन २०१८ च्या सुधारणेनंतर २८.५ टन आहे. एवढं वजन १०० मीटर खाली उतरलं की साधारण २८ मेगाज्यूल ऊर्जा, म्हणजे पावणेआठ युनिट विजेइतकी, कुठेतरी जिरवावी लागते. गाडी गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये हवेचा आणि टायरचा किरकोळ विरोध सोडला तर सगळी ऊर्जा ब्रेक ड्रममध्ये जाते. ड्रम तापतो, प्रसरण पावून लायनरपासून लांब जातो, लायनरचं घर्षणही घटतं. पायाखाली पेडल असतं, पण गाडी थांबत नाही. त्यात कुणी इंजिनच बंद केलं तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि दर वेळी ब्रेक दाबला की टँकमधली हवा कमी होत जाते. शिवाय डिझेल वाचतं हेही खरं नाही: आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये उतारावर ढकलली जात असेल तर इंजेक्शन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. आता हा प्रश्न यंत्राचा की व्यवस्थापनाचा? मालकाने चालकाला डिझेलच्या सरासरीवर बक्षीस लावलं असेल, तर उतारावर गिअर कुठे असणार हे ऑफिसातच ठरलेलं असतं.

दुसरं उदाहरण बीएस-६ डिझेल बसचं. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे हे निकष लागू झाले आणि एक्झॉस्टमध्ये काजळी धरणारा फिल्टर आला. ती काजळी जाळायला फिल्टरचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं आणि काही मिनिटं तिथे टिकवावं लागतं. सकाळ-संध्याकाळ कोंडीत रांगणाऱ्या मार्गावर ते टिकत नाही. जळण अर्धवट राहतं, फिल्टर तुंबतो, गाडीची ताकद कमी केली जाते. ज्या इंजिनांत हे तापमान गाठायला जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडतात तिथे त्यातलं थोडं खाली उतरून ऑइल पातळ करतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या युरियाच्या टाकीचंही तसंच: द्रावण ३२.५ टक्क्यांचं हवं, कुणी त्यात पाणी मिसळलं की सेन्सर ते पकडतो आणि गाडी पुन्हा रांगते. वर्कशॉप फिल्टर साफ करत बसतं. तीच बस आठवड्यातून दोन दिवस वेगवान, लांब मार्गावर लावली असती तर बराच त्रास टळला असता, पण हे शेड्यूल लावणाऱ्याला माहीत हवं.

पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, ताफ्यात २०१९ पासून ई-बस आहेत, त्यामुळे तिसरं गणित विजेचं. समजा डेपोत ३० बस आहेत, प्रत्येकी रोज २०० किलोमीटर, किलोमीटरला १.२ युनिट. रोजची गरज ७,२०० युनिट. चार्जिंगमधली तूट धरून मीटरवर साधारण ८,०००. रात्रीच्या सहा तासांत ती नीट पसरवली तर सुमारे १,३०० किलोवॅट भार येतो. सगळ्या बस एकदम १२० किलोवॅटवर लावल्या तर ३,६००. ट्रान्सफॉर्मर किती मोठा, मंजूर भार किती, वीजबिलातला मागणी आकार (सर्वाधिक भारावर लागणारा) किती, हे सगळं या क्रमावर ठरतं.

व्यवस्थापनाचं पहिलं सूत्र साधं आहे: एका पूर्ण फेरीचा वेळ भागिले दोन बसमधलं वेळेचं अंतर म्हणजे लागणाऱ्या बस. जायला ५० मिनिटं, यायला ५०, दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं थांबा, असे १२० झाले. दर १० मिनिटांनी बस हवी तर १२ बस. संध्याकाळी हेच ५० चे ६५ होतात, फेरी १५० मिनिटांची होते आणि त्याच सेवेला १५ बस लागतात. १२ च ठेवल्या तर अंतर साडेबारा मिनिटांवर जातं. थांबा १० वरून ३ मिनिटांवर आणून कागदावर फेरी १३६ मिनिटांची करता येते, आणि नेमकी इथेच चूक होते: चालकाची विश्रांती जाते, उशीर भरून काढायला जागाच उरत नाही, पहिल्या फेरीचा उशीर शेवटच्या फेरीपर्यंत चढत जातो. वर्कशॉपमध्ये १० टक्के गाड्या राहतात असं धरलं तर रस्त्यावर १२ उतरवायला डेपोत १४ हव्यात. त्याशिवाय डेपो ते पहिला थांबा हे प्रवाशांविना धावलेले डेड किलोमीटर आणि चालकाची आठ तासांची ड्युटी. हे सगळं एकदा एक्सेलमध्ये स्वतः मांडा, तयार सॉफ्टवेअर नंतर.

पुण्यात राहण्याचा फायदा घ्यायचा तो इथे. वेताळ टेकडीवर १९६६ सालची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, जिथे गाड्यांच्या मान्यता चाचण्या होतात आणि अकॅडमीचे अभ्यासक्रमही चालतात. भोसरीला सीआयआरटी आहे, राज्य परिवहन उपक्रमांसाठी प्रशिक्षण आणि चाचण्या करणारी. दोन्ही विषय एका छताखाली बघायचे तर शहरात याहून योग्य जागा नाही. दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. इंटर्नशिपसाठी सगळे चाकण आणि आकुर्डीच्या कारखान्यांकडे धावतात. तिथे बऱ्याचदा असेंब्ली लाइन नुसती बघायला मिळते. मी सहा आठवड्यांचं काम बस डेपोत मागायला सांगेन, कॉलेजचं पत्र आणि लिहिलेला विषय घेऊन. उदाहरणार्थ, तीन महिन्यांच्या ब्रेकडाउन नोंदी, मार्गानुसार, दर १०,००० किलोमीटरला किती. नोंदवहीत निम्म्या ठिकाणी नुसतं ‘इंजिन ट्रबल’ लिहिलेलं असू शकतं, म्हणून मेकॅनिकजवळ बसून प्रत्येक नोंदीचं खरं कारण लावून घ्या. पट्टा, होज, क्लच, एअर लीक असे गट पडले की आकडे बोलायला लागतात.

रस्त्याची बाजू शिकायला नळस्टॉपसारखा चौक पुरेसा आहे. सकाळी ८ ते ११, दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना, दुचाकी, रिक्षा, कार, बस, ट्रक वेगवेगळे मोजायचे. एका दिशेला एक माणूस, नाहीतर दुचाकी हमखास सुटतात. नंतर ‘सुमो’ हे मोफत सिम्युलेशन सॉफ्टवेअर घेऊन तोच चौक उभा करा. त्याच्या मूळ मांडणीत गाड्या लेन पाळतात, पुण्यातल्या दुचाकी पाळत नाहीत, म्हणून एकाच लेनमध्ये गाड्या शेजारी-शेजारी चालू देणारं सबलेन मॉडेल चालू करावं लागतं. ते न केल्यास रांगा भलत्याच लांब दिसतात.

पुढे नियोजनात जायचं ठरलं तर गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत सिव्हिल विभागात ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स, किंवा दिल्लीच्या एसपीए या नियोजन आणि वास्तुकलेच्या संस्थेत ट्रान्सपोर्ट प्लॅनिंग. मात्र मेकॅनिकलवाल्यांना प्रवेश कोणत्या अटींवर, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच गेटचा पेपर निवडा. दहावीनंतर पदविका केलेलं कुणी हे वाचत असेल तर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, आणि वर्कशॉपचा हात बसलेला असल्याने हा रस्ता अजिबात कमी प्रतीचा नाही.

आरटीओत सहायक मोटार वाहन निरीक्षक व्हायचं मनात असेल तर एमपीएससीच्या जाहिरातीतल्या लायसन्स आणि अनुभवाच्या अटी आधी वाचा, त्या बदलत आल्या आहेत. जड वाहनाच्या लर्निंग लायसन्सला वय २० पूर्ण लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं, तेव्हा १८ पूर्ण होताच ते काढून ठेवा.